सालीवरची मोडी

भाद्रपद सरत आला आहे. ऑफिसची गर्दी ओसरल्यावर तुम्ही कल्याणजवळच्या विठ्ठलवाडी स्टेशनला उतरता. पूल उतरून बाहेर आलं की रिक्षांची रांग, वडापावची गाडी, आणि तिच्या पलीकडे एका जुन्या सोसायटीच्या कंपाउंडला टेकलेला आंबा. बुंध्याला छातीभर उंचीपर्यंत गेरू आणि चुना मारलेला आहे. तुम्हाला बघायचं आहे ते त्या चुन्याच्या वर.

खिशात दहापट मोठं दाखवणारं भिंग आहे, नोटा तपासायची छोटी जांभळी बॅटरी, पाणी फवारायची बाटली आणि घडीचा चाकू. भिंग डोळ्याला लावून तुम्ही सालीला नाक टेकेल इतके जवळ जाता, तोवर सोसायटीचा वॉचमन येतोच. "काय झालंय काका झाडाला? बुरशी लागलीय ना?" त्याला सांगा, अर्धं बरोबर आहे. बुरशी आहे, पण ती एकटी नाही. तिच्या धाग्यांच्या आत शेवाळ राहतं. शेवाळ उन्हात अन्न तयार करतं, बुरशी त्याला आडोसा आणि ओल देते, आणि झाडाकडून दोघंही काही घेत नाहीत. साल ही त्यांना बसायला जागा, एवढंच. याला शैवाक म्हणतात. वाण्याकडचं दगडफूल हेही शैवाकच. पण ते पानासारखं, मोकळ्या कडांचं, गोड्या मसाल्यात पडणारं. म्हणून घराघरात ठाऊक झालं. जगात शैवाकांच्या सुमारे वीस हजार जाती आहेत, भारतात अडीच हजारांहून अधिक, आणि त्यांतल्या फार मोठ्या भागाकडे कुणी थांबून पाहतही नाही. कारण त्या पान नसतात, फूल नसतात, सालीवर पातळ लेपासारख्या बसलेल्या खपल्या असतात. चाकूनं साल कापल्याशिवाय त्या निघत नाहीत. आज तुम्ही आला आहात ते या खपल्यांसाठी.

आंब्यावर पहिलं दिसतं ते राखी-पांढरं वर्तुळ, चार सेंटिमीटर रुंद. भिंगाखाली त्याच्या कडा अरुंद बोटांसारख्या फाकलेल्या दिसतात आणि वर बारीक पांढरी भुकटी असते. हाताची सावली करून जांभळी बॅटरी मारा. वर्तुळ पिवळं चमकतं. त्यातल्या लायकेझँथोन नावाच्या रसायनाची ही चमक, आणि चमक अधिक फाकलेल्या कडा म्हणजे बहुतेक पिक्सीन कोकोस. धूर-धूळ सोसून शहरातल्या आंब्यांवर टिकणाऱ्या मोजक्या शैवाकांपैकी हे एक. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी याच्या अंगात साठलेल्या धातूंवरून शहरांच्या हवेचा हिशेब मांडला आहे. पण कडा सुटलेली आहे, म्हणजे ही खपली नव्हे. शेजारी बोटभर जागेत एक खरी खपली आहे, कडा नसलेली, अंगावर बारीक तबकड्या आणि प्रत्येक तबकडीला खपलीच्याच रंगाचा काठ. लेकानोराच्या जवळची.

मग सोसायटीच्या उत्तरेकडच्या भिंतीकडे बघा. पाइप गळतो तिथे भिंत भगवी झाली आहे. लोक त्याला गंज म्हणतात. तो गंज नाही, ट्रेंटेपोलिया नावाचं शेवाळ आहे. जातीनं हिरव्या शेवाळांतलंच, पण अंगातल्या केशरी रंगद्रव्यानं हिरवा रंग झाकून टाकलेला. हे शेवाळ लक्षात ठेवा. अक्षरांसारख्या रेघा काढणाऱ्या ज्या जंगली खपलीच्या शोधात तुम्ही आहात तिच्या पोटात हेच असतं. म्हणजे जोडीतलं एक इथे, विठ्ठलवाडीच्या भिंतीवर, हजर आहे. दुसरं नाही. आंब्याची साल भेगाळलेली, ऊन थेट, बुंध्यावर रस्त्याची धूळ आणि दरवर्षी चुन्याचा हात. या सालीवर ती लिपी उमटायची नाही.

ती कुठे उमटते हे बघायला मागे जावं लागेल, आणि त्याची सोय खपलीतच आहे. खपली मधून सुरू होते आणि कडेनं वाढते. आजचं वर्ष कडेला असतं, जन्म मधोमध. सालीला किंवा दगडाला घट्ट चिकटून राहणाऱ्या कित्येक जाती वर्षाला मिलिमीटरभर वाढतात, काही त्याहूनही हळू. रोलंड बेशेल या ऑस्ट्रियन अभ्यासकानं १९५० मध्ये याच मंद वाढीवरून, हिमनद्या मागे हटल्यावर उघडे पडलेले दगड किती वर्षं उघडे आहेत हे काढायची पद्धत बसवली. तुम्हाला गणित करायचं नाही. बोट कडेवर ठेवा आणि मधल्या बाजूला सरकवत न्या.

आधी चुना जातो. मग सोसायटी जाते, रिक्षा जातात, अंबरनाथपासून डोंबिवलीपर्यंतच्या कारखान्यांची धुरांडी एकेक करून मिटतात. वालधुनीच्या पाण्याचा रंग उतरत उतरत नाहीसा होतो. बोट थांबतं तेव्हा १९४९ चा ऑगस्ट चालू आहे.

समोर बराकी आहेत. लांबच लांब, एकसारख्या, दुसऱ्या महायुद्धात फौजेसाठी उभारलेल्या कल्याण कॅम्पच्या. आता त्यांत सिंधमधून घरदार सोडून आलेली कुटुंबं आहेत. एकेका बराकीत पडदे लावून केलेली कितीतरी घरं, बाहेर दोऱ्यांवर कपडे, चिखलात घातलेल्या विटा. आज ८ तारीख. गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळतं आहे. कॅम्पांचे आकडे मात्र जायचे नाहीत. तुमच्या काळातही रिक्षावाल्याला 'कॅम्प चार' एवढंच सांगावं लागतं.

हातात भिंग घेऊन झाडाकडे जायला इथे संकोच वाटतो. ज्यांच्या डोक्यावरचं छप्पर नुकतं गेलं आहे त्यांच्यामध्ये तुम्ही झाडाची साल बघायला आला आहात. तरी जा. कारण याच मुक्कामापासून या जमिनीचं रूप झपाट्यानं पालटणार आहे, आणि त्याआधी इथे काय होतं हे सालीइतकं कुणी सांगत नाही. वालधुनीच्या काठाला उतरा. काकोळ्याच्या बाजूच्या डोंगरातून येणारं पाणी पावसाळ्यात भरून वाहतं आहे. काठावर करंज, उंबर, जांभूळ. पाण्यावर कललेल्या जांभळाची खालची बाजू कायम सावलीत राहते. तिथे साल फिकट, गुळगुळीत, आणि तिच्यावर पिवळट राखाडी डाग आहे. डागात टाचणीच्या डोक्याएवढे काळे उंचवटे, प्रत्येकाच्या टोकाला एक भोक. पायरेन्युलाच्या कुळातली खपली. रेघा नाहीत, ठिपके आहेत. पण तुम्ही जवळ आला आहात. गुळगुळीत साल, ओल, सावली. यांतल्या दोन गोष्टी इथे आहेत, तिसरी अर्धीच, कारण दुपारी नदीपलीकडून ऊन येतं.

हवेत कोळशाचा वास नाही याकडे लक्ष द्या. कल्याण ते पुणे हा मार्ग १९३० पर्यंत विजेवर आलेला आहे. आणखी मागे गेलात तर तसं राहणार नाही.

बोट सरकतं. १८६७. बराकी नाहीत, विठ्ठलवाडी स्टेशन नाही, पण रूळ आहेत. कल्याणपर्यंत आगगाडी १ मे १८५४ ला आली, १८५६ मध्ये खोपोलीच्या बाजूला गेली, आणि चार वर्षांपूर्वी, १८६३ मध्ये, बोरघाट खुला होऊन पुण्याला जोडली गेली. इंजिन येतं, अंगावरून जातं, आणि मागे ठेवतं तो धूर तुमच्या जिभेवर आंबट लागतो. कोळशात गंधक असतं. ते जळून होणारा सल्फर डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, आणि शैवाकाला मुळं नाहीत, पानासारखा मेणाचा थर नाही, श्वास रोखून धरायची सोय नाही. पाऊस, दव, धुकं जे आणेल ते सगळं थेट आत जातं. आतल्या शेवाळाचं हरितद्रव्य मोडतं, अन्न बंद होतं, आणि बुरशी उपाशी मरते. आधी झुडपासारखी लोंबणारी शैवाकं जातात, मग पानासारखी, शेवटी खपल्या. खपली उशिरा जाते, कारण तिची उघडी बाजू एकच असते. १९७० मध्ये इंग्लंडच्या हॉक्सवर्थ आणि रोझ यांनी हाच क्रम वापरून झाडांवरच्या शैवाकांवरून हवेतलं गंधक ओळखायची दहा पायऱ्यांची मोजपट्टी केली.

तुम्ही रुळाशेजारी उभे आहात त्याच सुमाराला दूर युरोपात दोन माणसं या खपल्यांचं भवितव्य ठरवत आहेत, आणि ते दोघं एकमेकांचे कट्टर विरोधक आहेत. विल्यम निलांडर हा फिनलंडचा, पण राहतो पॅरिसला. गेल्याच वर्षी, १८६६ मध्ये, त्यानं लक्झेंबर्ग बागेतली शैवाकं मोजून ती शहराच्या हवेची खूण आहेत असं मांडलं. पुढे त्याच्या डोळ्यांदेखत ती बागेतून नाहीशी होत जाणार आहेत. त्याच वर्षी त्यानं दाखवलं की शैवाकावर पोटॅशचा किंवा ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचा थेंब टाकला की रंग बदलतो, आणि त्या रंगावरून जात ओळखता येते. आजही तुमच्या पिशवीत त्या दोन बाटल्या असतात. दुसरा स्वित्झर्लंडचा सिमॉन श्वेंडेनर. तो १८६७ मध्ये म्हणतो की शैवाक ही एक वनस्पती नाहीच, बुरशी आणि शेवाळ यांची जोडी आहे. निलांडरला हे मरेपर्यंत पटलं नाही. हवेची खूण वाचणाऱ्या माणसाला समोरचा जीव एकटा नाही हे मान्य होऊ नये, याचं मला नेहमी वाईट वाटतं. दोघांचं म्हणणं एकत्र केलं की सगळी गोष्ट उलगडते. जोडीतलं नाजूक अंग शेवाळाचं आहे, आणि धूर त्यालाच आधी मारतो. अलीकडे, २०१६ मध्ये, टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी अनेक शैवाकांच्या वरच्या थरात आणखी एक, यीस्टच्या रूपातली बुरशी दाखवली, तेव्हा जोडीचीही मोजदाद पुन्हा करावी लागली.

धूर ओसरू द्या आणि आणखी मागे सरका. १८५०, मे महिना. आता रूळही नाहीत. कल्याणहून दक्षिणेला बैलगाडीची वाट आहे, उजवीकडे मलंगगडाचा सुळका, समोर लांबवर माथेरानचा सपाट माथा. तुम्ही चालू लागता.

वाटेत अंबरनाथ लागतं. वालधुनीच्याच काठावर, चिंचांच्या सावलीत, काळ्या दगडाचं शिवमंदिर. बाहेरच्या भिंतीवर मूर्तींच्या खांद्यांवर, मांड्यांवर, पावसाची धार उतरते तिथे तिथे राखी आणि पांढऱ्या खपल्या आहेत. झाडावरच्या खपल्यांहून या वेगळ्या. दगडावरच्या जाती सालीवर सहसा येत नाहीत, सालीवरच्या दगडावर येत नाहीत, आणि ओळख पटवताना पहिला प्रश्न म्हणून तोच विचारायचा असतो: बसली आहे कशावर? एका खपलीवर बोट ठेवून मधोमध न्या, क्षणभरच. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. शिलाहार राजा मम्वाणीच्या काळात मंदिर पुरं होतं आहे. छिन्नीचा आवाज येतो आहे, आणि दगड कोरा आहे, निळसर काळा, नुकता फुटलेला. त्याच्यावर अजून काहीही उगवलेलं नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा थर डोंगराच्या पोटातून काढला गेला, आणि पहिला पाऊस पडेल त्या दिवसापासून हवेतून उडत आलेले बीजाणू त्याच्यावर नशीब अजमावायला लागतील. बोट उचला. परत १८५०.

ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याच महिन्यात चौकच्या पाटलाला बरोबर घेऊन माथेरानचा डोंगर चढला आहे. पुढे इथे बंगले होतील, १९०७ मध्ये नेरळहून छोटी गाडी वर येईल. पण ठाकूर, धनगर आणि कातकरी या माथ्यावर त्याच्या कितीतरी आधीपासून ये-जा करत आहेत, आणि तुम्ही चढता ती वाटही त्यांच्याच पायांची. आठशे मीटर उंची. घाटमाथ्यापासून सुटा पडलेला हा डोंगर समुद्राकडून येणारे ढग आधी अंगावर घेतो, म्हणून मे महिन्यातही माथ्यावरचं रान हिरवं आहे. जांभूळ, अंजनी, हिरडा, आंबा. उंची फार नाही, पण शेंडे एकमेकांत अडकलेले. खाली पाऊल टाकताच ऊन तुटतं. गळ्यावरचा घाम थंड होतो.

घाई करू नका. मोठ्या, जुन्या झाडांच्या साली सुटतात, त्यांच्यावर खपली टिकत नाही. तुम्हाला हवं आहे मांडीएवढ्या जाडीचं जांभूळ, ओढ्याच्या कडेचं, ज्याची साल अजून ताणलेली आहे. असं एक सापडतं. उत्तरेकडची बाजू, जमिनीपासून सव्वा मीटर. फिकट राखाडी, चुनखडीसारखी कोरडी चकती, तळहाताएवढी. आणि तिच्यावर लिहिलेलं आहे.

खरंच लिहिल्यासारखं आहे. काळ्या, बारीक, वळणदार रेघा; काही सरळ, काही टोकाशी फाटा फुटलेल्या, लेखणी न उचलता ओढलेल्या मोडीसारख्या एकमेकींच्या अंगावर झुकलेल्या. जुन्या दप्तरातला कागद वाचायला घेतल्यावर डोळा जसा ओळखीचं अक्षर शोधतो तसा तुमचा डोळा शोधू लागतो. कार्ल लिनियसनं युरोपातल्या अशाच खपलीला १७५३ मध्ये लिखाणावरूनच नाव दिलं, आणि स्वीडनच्या एरिक अकारियसनं १८०९ मध्ये तिला ग्राफिस या प्रजातीत ठेवलं. ती प्रजाती तुमच्यासमोर आहे, असं आत्ता फक्त वाटतं आहे. रेघा काढणारे आणखीही आहेत.

आधी पाणी. बाटलीतून दोन फवारे मारा आणि वाट बघा. कोरडी राख डोळ्यांदेखत हिरवट होत जाते. बुरशीचा वरचा थर ओला झाला की पारदर्शक होतो आणि खालचं शेवाळ दिसू लागतं. उन्हाळाभर हा जीव जवळजवळ थांबलेला होता. पाणी लागल्यावर काही मिनिटांतच त्याचं काम सुरू होतं. कडेला नखानं हलकेच खरवडा. नखाखाली हिरवं येत नाही, पिवळट-भगवं येतं. विठ्ठलवाडीच्या भिंतीवरचं तेच ट्रेंटेपोलिया, इथे बुरशीच्या घरात.

आता भिंग. रेघ सपाट नाही. ती सालीतून वर आलेली आहे, आणि लांबीला मधोमध एक फट आहे. फटीच्या दोन्ही बाजूंना काळे ओठ. ही रेघ म्हणजे बुरशीचं फळ. फटीतून बीजाणू बाहेर पडतात. बहुतेक शैवाकांचं फळ वाटोळं असतं, तबकडी किंवा ठिपका. इथे तेच ताणलं जाऊन रेघ झालं आहे. फट मिटलेली आहे का उघडी? तुमची मिटलेली आहे. उघडी, आतलं तपकिरी दिसणारी असती तर फियोग्राफिसचा संशय घ्यायचा. ओठ गुळगुळीत आहेत का लांबीला चिरा पडलेले? तुमचे चिरलेले आहेत, एकेका ओठावर दोन-तीन समांतर रेषा. दर पावसाळ्यात जुन्या थराखाली नवा थर येऊन ओठ असे होतात, असं समजा. रेघ सालीत बुडालेली आहे का वर बसलेली? वर. चकतीच्या काठाला काळी किनार आहे, आणि किनारीपलीकडे दुसरी चकती, ठिपक्यांची. दोघींनी आपापली हद्द राखली आहे.

मग मागे सरका आणि झाडाभोवती फिरा, कारण सगळ्यात महत्त्वाची माहिती भिंगाबाहेर आहे. दक्षिणेच्या बाजूला, जिथे शेंड्यात भोक पडून ऊन उतरतं, रेघा विरळ आहेत आणि पानासारखी शैवाकं वाढलेली आहेत. बुंध्याच्या तळाशी, पाऊस कधीच थेट लागत नाही अशा खोबणीत, हळदी रंगाची पूड आहे, क्रायसोथ्रिक्स. ओढ्याच्या खोल भागात, जिथे भर दुपारी भिंगाखाली दिसेनासं होतं, तिथल्या एका खोडावर ज्वालामुखीच्या तोंडांसारखी उघडी भोकं असलेली खपली आहे, ओसेल्युलारियाच्या जवळची. ती सगळ्यात हट्टी. सावली तुटली, शेंडे विरळ झाले, की ती आधी जाते. झाड उभं असतं, पानं हिरवी असतात, वर उडणाऱ्या पाखराला जंगल तसंच दिसतं. पण सालीवरची ओल गेलेली असते आणि खपलीला ते कळलेलं असतं. एखादं रान किती जुनं आणि किती अखंड आहे हे मला कुणी विचारलं तर मी झाडं मोजणार नाही. भर सावलीतल्या गुळगुळीत सालींवर काय बसलं आहे ते बघेन.

नमुना घ्यायचा तो एवढासाच. चाकूनं सालीचा वरचा पापुद्रा, दोन रेघा आणि थोडी कड येईल एवढा. जखम आतल्या ओल्या थरापर्यंत जाता कामा नये. उरलेली चकती झाडावर राहू द्या. तिला या आकाराला यायला कित्येक पावसाळे लागलेत. तुमच्या काळात तर हे करायला वन खात्याची परवानगी लागते, आणि लागायलाच हवी. माथेरान २००३ पासून पर्यावरणाच्या दृष्टीनं संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर आहे. तुकडा कागदात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, दुसऱ्या दिवशी त्यावर साधी बुरशी चढलेली असेल.

इथून पुढचं काम डोंगरावर होत नाही. पुण्याला जावं लागतं, आणि काळातही पुढे यावं लागतं. विसाव्या शतकातलं सत्तरचं दशक. शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या पुढाकारानं १९४६ मध्ये सुरू झालेली महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था, जिला १९९२ पासून आघारकर संशोधन संस्था म्हणतात. इथे पी. जी. पटवर्धन आणि त्यांचे सहकारी सह्याद्रीतल्या याच खपल्यांच्या मागे लागलेले आहेत. सी. आर. कुलकर्णी ग्राफिसच्या कुळावर काम करतात. ऊर्मिला माखिजांचं काम पुढे कित्येक वर्षं चालतं आणि ठिपक्यांच्या, रेघांच्या कितीतरी जाती विज्ञानात पहिल्यांदा पुण्याहून नोंदल्या जातात. संस्थेतल्या आजरेकर संग्रहालयाच्या कपाटांत कागदी पाकिटं आहेत, एकेका पाकिटात सालीचा एकेक तुकडा. पैशाचं बळ फारसं नसलेल्या शास्त्रात एवढ्या चिकाटीनं केलेलं काम महाराष्ट्रात क्वचितच झालं असेल. लखनौला धरणीधर अवस्थी हेच काम देशभरासाठी करत आहेत. खपल्यांची त्यांची ओळख-किल्ली १९९१ मध्ये येईल आणि भारत, नेपाळ, श्रीलंकेतल्या अभ्यासकांच्या टेबलावर कायमची पडून राहील.

बाकावर बसा. तुकडा ओला करा. दाढीच्या पात्यानं रेघेचा आडवा छेद घ्या, जितका पातळ जमेल तितका. पहिले पाच-सहा जाड येतातच. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली सरकवा. काळ्या ओठांच्या मध्ये स्वच्छ, बिनरंगी थर आहे. त्यात तेलाचे थेंब आहेत का बघा, तुमच्यात नाहीत. त्या थरात उभ्या पिशव्या, प्रत्येकीत आठ बीजाणू. बीजाणू लांबट, बिनरंगी, आडव्या पडद्यांनी कप्प्याकप्प्यांचे. उभे पडदे कुठेही नाहीत. काळा थर फक्त दोन बाजूंना आहे का खालूनही वेढलेला? खालून मोकळा. हे सगळं लिहून घ्या, कारण पुढच्या थेंबानं छेद बिघडणार आहे. काचेच्या कडेला आयोडीनचा थेंब सोडा. तो आत ओढला जातो, आणि बीजाणू जांभळट निळे होतात. ग्राफिस. माथेरानवर जे नुसतं वाटत होतं ते आता ठरलं.

दुसऱ्या छेदाला पोटॅश. खपलीचा पांढरा भाग आधी पिवळा होतो, मग लालसर, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघता बघता लाल सुया वाढू लागतात, एकमेकींना छेदत, सगळ्या दृश्यभर. नॉरस्टिक्टिक आम्ल. निलांडरनं पॅरिसमध्ये टाकलेल्या थेंबाचा हा वंश.

जातीचं नाव यातून लगेच निघत नाही. ग्राफिसच्या जगभरच्या जातींची किल्ली रॉबर्ट ल्युकिंग आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये काढली, तिच्यात तीनशे तीस जाती आहेत. ओठ चिरलेले की नाहीत, काळा थर कुठवर, तेलाचे थेंब, पडद्यांची संख्या, आम्ल कोणतं, अशा एकेका प्रश्नावर यादी अर्धी होत जाते. तुमच्याकडे उत्तरं आहेत. फक्त बीजाणूंची लांबी अजून मोजायची आहे, आणि एका बीजाणूवर भागत नाही, वीस तरी मोजावे लागतात.

पण मोजायच्या आधी पाकीट लिहा. गठ्ठ्यात असे कितीतरी तुकडे सापडतात की ज्यांचं नाव ठरलेलं असतं आणि जागेच्या रकान्यात नुसतं 'पश्चिम घाट, सालीवर' एवढंच असतं. नाव नंतर कुणीही दुरुस्त करू शकतं, किल्ली बदलली की नावं बदलतातच. सावली किती होती, साल कोणत्या झाडाची होती, ओढा किती जवळ होता, हे मात्र तिथे उभं राहिलेल्या माणसानं लिहिलं नाही तर पुन्हा कुणाला लिहिता येत नाही. झाड पडतं, शेंडे विरळ होतात, वस्ती येते. म्हणून पेन्सिलनं, कारण शाई ओलीनं पसरते: माथेरान, माथ्यावरचं निमसदाहरित रान, उंची आठशे मीटरच्या आसपास. जांभूळ, खोड मांडीएवढं, साल गुळगुळीत. उत्तर बाजू, जमिनीपासून सव्वा मीटर. ओढ्यापासून दहा पावलं. दाट सावली, दुपारी ऊन नाही. शेजारी पायरेन्युला, बुंध्याशी क्रायसोथ्रिक्स. दक्षिण बाजूला रेघा विरळ. मग पाकीट मिटून बाजूला ठेवा, सूक्ष्मदर्शकातली मोजपट्टी नीट लावा आणि पहिला बीजाणू मोजायला घ्या.